परतवारी



तुमची वारी कधी चुकली आहे का? चुकली असेल, तर पालखी आळंदीहून निघते त्या दिवशी घरात राहिलेल्या माणसाच्या पायांना काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पाय जागेवर ठरत नाहीत. हातातले काम सुटते. कुठेतरी टाळ वाजल्याचा भास होतो आणि उगीचच दारापर्यंत जाऊन यावेसे वाटते.

माझी पंचविसावी वारी २०२५ च्या आषाढात व्हायची होती. त्या आषाढात मी मॉरिशसला होते. सहा महिने तिथे राहिले. तिथे जे पाहिले आणि एका म्हाताऱ्या बाईने मला जे विचारले, ते तुमच्यापुढे ठेवावे म्हणून हे चार शब्द.

मी फलटण तालुक्यातली. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. आमचे हे दिंडीत विणेकरी. त्यांच्याबरोबर मीही डोक्यावर तुळस घेऊन चालू लागले. करोनाच्या दोन वर्षी पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या, ती दोन वर्षे मी मोजत नाही. बाकी खंड नाही. सात वर्षांपूर्वी हे गेले. शेवटच्या दिवसांत बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी माझा हात धरून म्हणाले, "नेम मोडू नकोस." मी मान हलवली. त्यानंतरची प्रत्येक वारी मी त्या शब्दाला धरून चालले.

लेक चार वर्षांपासून मॉरिशसला आहे. जावई संगणकाच्या कामात. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण तिची प्रकृती नाजूक आणि डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलेले. तेव्हा माहेरानेच उठून तिकडे जायचे ठरले. बाळाची तारीख जुलैची. म्हणजे वारी बुडणार, हे मला जानेवारीतच कळले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी माझी तुळस जाऊबाईंच्या हाती दिली. त्या म्हणाल्या, "अहो ताई, लेकीचं बाळंतपण हीसुद्धा सेवाच आहे." बोलणे खरे होते. पण यांच्या फोटोपुढे दिवा लावताना माझी नजर वर गेली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे उतरले. हिंदी महासागरातले ते एक बेट. सगळा देश मिळून दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यात असे पाच देश मावतील. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत साधारण ६५ किलोमीटर. आळंदीहून निघालेली पालखी सासवडच्या थोडी पुढे जाते तेवढ्यात देश संपतो. वस्ती साडेबारा लाखांच्या घरात. डच आले, गेले. मग फ्रेंच आले. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. कचेरीचा कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि घरात, बाजारात, भांडणात क्रेओल. "बोंझूर, की मान्येर?" म्हणजे नमस्कार, कसे आहात. "कोरेक" म्हणजे ठीक. एवढ्या तीन शब्दांवर मी पहिला महिना काढला.

लेकीचे घर क्वात्र बोर्न नावाच्या गावात. खिडकीतून एक उभा काळा डोंगर दिसतो. आजूबाजूला ऊस. माऊली, मी उसाच्या भागातली बाई, ऊस पाहून बरे वाटले. पण त्या उसात जागोजागी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. काही तर घराएवढे उंच, बाजू नीट लावलेल्या. आधी वाटले, हे कसले तरी देवस्थान असावे. जावयांनी सांगितले, बेट ज्वालामुखीतून झालेले, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी वेचले. १८३५ साली गुलामी उठली, तेव्हा हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी वेचले. ते ढीग अजून तसेच उभे आहेत. त्यानंतर उसाकडे पाहताना माझी नजर आधी त्या ढिगांवर जायची.

आणखी एका गोष्टीने मी गोंधळले. तिथे ऋतू उलटे. माघ-फाल्गुनात घाम आणि पाऊस, आषाढात थंडी. वादळांचा काळही तोच, उन्हाळ्याचा. म्हणून घरे सपाट सिमेंटच्या छपरांची. वादळ येणार असले की रेडिओवर इशारे देतात, त्यांचे आकडे चढत जातात आणि लोक पाणी, मेणबत्त्या, पाव भरून दारे लावून बसतात. १९६० च्या मोठ्या वादळात हजारो घरे पडली होती, त्याची आठवण म्हातारी माणसे अजून काढतात.

पण बाजारात गेले आणि जीव रमला. शेवगा होता, त्याच्या पाल्याला ते 'ब्रेद मुरुम' म्हणतात. भेंडी म्हणजे 'लालो'. दोडका म्हणजे 'पिपांगाय'. चटणीला 'सातिनी'. रस्त्याच्या कडेला दालपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकावा आणि डाळ तेवढी ठेवावी, तशी. नेहमी दोनाची जोडीच देतात, आत घेवड्याची आमटी आणि लोणचे घालून. पहिला घास घेतला तेव्हा मी विकणाऱ्या माणसाकडे पाहतच राहिले. आपल्याकडची कोणतीतरी बाई जहाजातून उतरली असेल, तिला गूळ मिळाला नसेल, सण आला असेल आणि तिने आहे त्यात पोळी लाटली असेल, असे काहीसे मनात आले. हा माझा आपला तर्क. दालपुरी बिहारकडच्या लोकांनी नेली असे तिथले लोक सांगतात, आणि तेच खरे असणार.

पंधरवडा झाला नाही तोच रस्त्यावर माणसे चालताना दिसू लागली. पांढरे कपडे, खांद्यावर बांबूची कावड, कागदाची फुले आणि आरसे लावून सजवलेली. मी लेकीला विचारले, "हे कुठे निघाले?" ती म्हणाली, "आई, ही यांची वारी. शिवरात्रीला गंगा तलावावर जातात."

तो तलाव बेटाच्या दक्षिण भागात उंचावर आहे. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी. फ्रेंच नाव ग्रां बासें. एका पुजाऱ्यांना स्वप्नात या तळ्याचा गंगेशी संबंध दिसला, असे सांगतात, आणि १८९८ च्या सुमारास लोक चालत तिकडे जाऊ लागले. १९७२ साली हिंदुस्थानातून गंगेचे पाणी आणून त्यात घातले, तेव्हापासून तो गंगा तलाव. आता काठावर १०८ फूट उंच शंकराची मूर्ती उभी आहे. शिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत लाखो माणसे जातात. देशाची वस्तीच मुळात साडेबारा लाख, हे लक्षात घ्या.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी जावयांनी मला गाडीने वर अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडले आणि मी चालायला लागले. अडीच तास चालले असेन. पाऊस येत होता, जात होता. टाळ नव्हते, मृदंग नव्हता, अभंग नव्हता. भोजपुरी गाणी होती, गाडीवर लावलेले कर्णे होते. तरी पायांना ओळख पटली. रस्त्याच्या कडेला टेबले मांडून लोक उभे होते. सरबत, चहा, फळे, भात. एका टेबलामागे डोक्यावर रुमाल बांधलेली मुसलमान मुलगी होती. पुढे एका ठिकाणी गळ्यात क्रूस घातलेल्या बाईंनी माझ्या हातात संत्रे ठेवले आणि माझ्या सुजलेल्या पायाकडे पाहून क्रेओलमध्ये काहीतरी म्हणाल्या. शब्द कळला नाही. पण लोणंदला, तरडगावला आपल्या पायाला तेल लावणाऱ्या बायकाही असेच काहीतरी म्हणतात, आणि त्यातले निम्मे आपल्याला गर्दीत ऐकू येत नाही.

तळ्यावर पाण्यात पाय सोडून बसले तेव्हा यांची आठवण आली. म्हटले, अहो, चालले मी आज. मोजाल का ही? उत्तर मिळत नसते. पण विचारल्याने थोडे हलके वाटले.

त्या आजींची गाठ मार्चमध्ये पडली. लेकीच्या घरामागच्या गल्लीत राहतात. वय चौऱ्याऐंशी. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "बाय, तू मराठी?" मी उभी राहिले. त्यांनी हाताने बोलावले.

आता त्यांच्या मराठीबद्दल सांगते. मॉरिशसमध्ये मराठी लोक थोडे आहेत, पण आहेत, आणि बहुतेकांचे पूर्वज कोकणातले. त्यांच्या मंडळ्या आहेत, शाळेत मराठी हा विषय घेता येतो, गणेशचतुर्थीची तर देशाला सुट्टी असते. लग्नात गोंधळ घालतात. आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. पण घरातली बोली बहुतेकांची क्रेओल. आजींचे मराठी म्हणजे आईकडून ऐकलेली चाळीस-पन्नास वाक्ये. त्यात कोकणी वळण, मध्ये क्रेओल, मध्ये भोजपुरी. मी तीस वर्षे मुलांचे शुद्धलेखन तपासलेली बाई. पहिल्या दिवशी माझ्या मनात चुका मोजणे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ते आपोआप बंद पडले. दीडशे वर्षे पाण्यापलीकडे जपून ठेवलेली वाक्ये होती ती. त्यांना लाल शाई लावणारी मी कोण?

त्यांच्या देवघरात गणपती, शंकर आणि एका कोपऱ्यात विठ्ठल-रखुमाईचे चित्र. त्यांचा नातू मुंबईला शिकायला होता, त्याने आणलेले. "ह्यो कोण तो मला आये सांगायची," त्या म्हणाल्या. "विठोबा. कमरेवर हात." पंढरपूर म्हणजे कुठे, मुंबईजवळ की लांब, हे त्यांना माहीत नव्हते.

मी त्यांना वारी सांगितली. आळंदी, दिवेघाट, जेजुरी, नीरेचे स्नान, बेलवाडी नव्हे तर आमच्या पालखीचे चांदोबाच्या लिंबाचे रिंगण, वाखरी, मग चंद्रभागा. त्या मन लावून ऐकत होत्या. सगळे झाल्यावर म्हणाल्या, "तू चालत जातस, देव भेटतो. मग परत कशाला येतस?"

माऊली, मी चोवीस वाऱ्या केल्या. कीर्तने ऐकली. बायांना वारीचा अर्थ समजावून सांगितला. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. मी म्हटले, "घर आहे ना आजी. आणि पुढल्या साली पुन्हा जायचं असतं. परत आलं नाही तर पुन्हा जाणार कसं?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचा पणजा एकदाच चालला. गावातून बंदरावर. मग नाय परत."

नंतर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी आणून त्यातला कागद दाखवला. मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिथे त्या काळच्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नातवाने खेटे घालून पणजोबांची नोंद मिळवली होती. एक नंबर. नाव. बापाचे नाव. वय बावीस. उंची. अंगावरची खूण. जहाज मुंबईहून निघालेले. जिल्हा रत्नागिरी. त्या माणसाचे नुसते नाव तेवढे लिहिलेले, तेच पुढे सगळ्या घराण्याचे आडनाव झाले. आणि गावाच्या रकान्यात, गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, इंग्रजीत चार अक्षरे.

"तू मास्तरीण ना? वाच. गाव कंचा?"

मी चष्मा लावून वाचले. पाली म्हणावे तर पाली. पाल म्हणावे तर पाल. शेवटचे अक्षर पुसट, त्यामुळे पालू, पालगड, काहीही होऊ शकले असते. कोकणात पाली एक नाही. मी बराच वेळ कागद खिडकीशी धरून पाहिला. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला वाटले, एक नाव ठामपणे सांगून टाकावे. म्हातारीचे समाधान होईल, कोण तपासायला जाणार आहे? पण हातात माळ होती. म्हटले, "आजी, नक्की कळत नाही." त्यांनी कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला.

एप्रिलमध्ये मी मेट्रोने पोर्ट लुईला जाऊन आप्रवासी घाट पाहिला. बंदराच्या काठावर, आता रस्त्याच्या आणि इमारतींच्या मध्ये सापडलेली छोटीशी जागा. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, १९८७ साली नाव बदलले. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आणली गेली. जहाजातून उतरायचे, दगडी पायऱ्या चढायच्या, आवारात थांबायचे, नंबर घ्यायचा आणि उसाच्या मळ्याकडे चालायला लागायचे. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम. सुरुवातीला करार संपला की परतीचा प्रवास फुकट असे. पुढे तेही बंद झाले. काही परतले. बहुतेक राहिले.

त्या काळ्या पायऱ्या मोजक्याच आहेत. मी तिथे उभी राहिले. पायऱ्या पाण्याकडून वर येतात. आपल्या चंद्रभागेच्या घाटावर आपण खाली उतरतो आणि स्नान करून पुन्हा वर येतो. इथे माणूस फक्त वर चढला. खाली उतरून पुन्हा होडीत बसणे बहुतेकांच्या नशिबात आले नाही.

मला आपली परतवारी आठवली. तुम्हाला ठाऊक आहे, आषाढी पौर्णिमेला गोपाळकाला झाला की माऊलींची पालखी चालत परत आळंदीला निघते. जाताना लाखो, येताना मोजके. आपण सगळे एकादशीला दर्शन किंवा कळसाचे दर्शन घेतो, आणि एसटी नाहीतर ट्रक पकडतो. मीही दर वर्षी हेच केले. घरी दूध नासेल, शाळा उघडली आहे, पेरणी राहिली आहे. परतीची वाट माझ्या हिशेबात वारी नव्हतीच. ती नुसती घरी जायची सोय होती. हे एकदा म्हणाले होते, "एक वर्ष परतवारी करू." मी म्हटले होते, "बघू." ते वर्ष आले नाही.

घाटावरून परतताना मी मेट्रोत बसून रडले. समोरच्या मुलाने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

जूनच्या सुरुवातीला लेकीला वेळेआधीच दवाखान्यात न्यावे लागले. नात झाली. वजन फार कमी. काचेच्या पेटीत ठेवली. १९ जूनला माऊलींची पालखी आळंदीहून निघाली, त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. आत एका वेळी एकालाच सोडत. जाऊबाईंनी फोनवर चित्रफीत पाठवली. माझी तुळस त्यांच्या डोक्यावर. मी आवाज बंद करून पाहिली. आजूबाजूला इतरांची माणसेही आपापल्या बाळांसाठी बसली होती.

त्या तीन आठवड्यांत माझे चालणे म्हणजे घर ते दवाखाना. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी परत यायचे. हरिपाठ त्या रस्त्यावरच म्हणायचे. आजी रोज सकाळी कुंपणावरून शेवग्याचा पाला द्यायच्या, "पोरीला घाल, दूध येतं." एके संध्याकाळी मी फार खचले होते. नातीचे वजन वाढत नव्हते. मी म्हटले, "आजी, माझी वारी चुकली म्हणून तर हे नाही ना?" असे म्हणू नये, मला कळते. पण त्या वेळी मनात आले ते तोंडातून गेले.

त्यांना सगळे कळले की नाही, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "रोज जातस ना पोरीकडं? रोज परत येतस ना? मग?"

एवढेच. नंतर त्या पाला निवडायला लागल्या. मीही समोर बसून काड्या मोडू लागले. त्या एका 'मग'चा अर्थ लावण्यात मला कितीतरी दिवस गेले. आजही पूर्ण लागला असे म्हणवत नाही.

नात जुलैच्या २ तारखेला घरी आली. ६ तारखेला आषाढी एकादशी. तिथे कडाक्याची नव्हे, पण शाल लागेल इतकी थंडी. दुपारचा सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे माझी सावली दक्षिणेला पडत होती. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पंढरपुरात पहाटे शासकीय महापूजा चालू होती, तेव्हा इथे मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मी अंधारात फोन घेऊन बसले, मांडीवर नात. तिचे बोट माझ्या माळेत अडकले होते.

सकाळी आजी आल्या. उपासाला काय चालते ते त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. त्यांनी मन्योक उकडून आणला होता. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच हा. ओले खोबरे घालून आम्ही तिघींनी खाल्ला. मग त्यांनी देवघरातले ते चित्र आणून आमच्या टेबलावर ठेवले. मी टाळ्यांवर भजन म्हटले. त्यांना शब्द येत नव्हते, पण विठ्ठल एवढे येत होते, आणि प्रत्येक वेळी ते नाव बरोबर जागेवर घ्यायच्या.

जुलैअखेर मी निघाले. निघताना त्यांनी तीच प्लास्टिकची पिशवी आणली. मला वाटले, कागद देतात. त्यांनी कागद दिला नाही. तो त्यांच्याकडेच हवा. नातवाकडून करून घेतलेली त्याची प्रत दिली आणि म्हणाल्या, "ही देवाला दाखव. गाव त्याला ठाऊक असंल."

कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरला आली. मॉरिशसमध्ये त्याच तारखेला, १८३४ साली पहिले मजूर उतरल्याची आठवण म्हणून, देशाला सुट्टी असते. हे मी मुद्दाम जुळवलेले नाही, पंचांगाने जुळवले. पहाटे वाळवंटात कोकणातली एक दिंडी उतरली होती. कार्तिकीला कोकणची मंडळी पुष्कळ येतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर माऊलींना मी ती प्रत दाखवली. त्यांनी आणखी चौघांना बोलावले. एक म्हणाले पाली, एक म्हणाले पालगड, एक म्हणाले की ते पाल असणार, त्यांच्या मामाचे गाव. वाद झाला, हसणे झाले, गाव ठरले नाही. शेवटी त्या वयस्कर माऊलींनी प्रतीवरचे नाव मोठ्याने वाचले, कागदावर बुक्का लावला आणि म्हणाले, "गाव कुठलंही असो, आमचाच माणूस." बाकीच्यांनी हात जोडले. दीडशे वर्षांनी त्या माणसाचे नाव आपल्या लोकांच्या तोंडून घेतले गेले.

मग मी नामदेव पायरीवर डोके टेकले. एकदा माझे, एकदा आजींचे. आजींना फोन लावला. तिकडे सुट्टी, सगळे घरी. मी सांगितले, "दाखवला." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "आता परत जा बाय. सांभाळून."

माऊली, येत्या आषाढात मी पायी जाणार आहेच. पण या वेळी पौर्णिमेपर्यंत थांबणार आहे, आणि गोपाळकाला झाल्यावर पालखीबरोबर निदान फलटणपर्यंत चालत परत येणार आहे. यांचा तो राहिलेला शब्द आहे. आणि जो माणूस बावीस वर्षांचा असताना गावातून एकदाच चालत निघाला, त्याच्या वाट्याची परतीची पावलेही त्यात टाकावीत, असे मनात आहे. गुडघे किती साथ देतील, ते पांडुरंग जाणे.

तुमच्यापैकी कोणी त्या वाटेवर असाल, तर हाक मारा. परतवारीत गर्दी नसते, ऐकू येईल.

रामकृष्णहरी.